नुसती चेकलिस्ट आणून भागत नाही
हॉस्पिटलात स्टाफ वाढवला की उपचारांची क्वालिटी आपोआप सुधारेल हे मत मला अर्धंच पटतं, कामाची पद्धत तीच राहिली तर चुकाही त्याच होणार. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २००८ ची सर्जरी चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी घ्या, १९ च मुद्दे, पण ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सरसकट लागू केली तर तसा फरक दिसला नाही, आणि मेख इथेच आहे असं मला वाटतं, कारण चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, ऑपरेशनची जागा, अँटिबायोटिक दिलंय का हे मोठ्याने बोलायचं असतं, ते सोडून नुसत्या खुणा केल्या तर फक्त फॉर्म भरतो. म्हणून काही राहिलं असेल तर नर्स सर्जनला 'थांबा' म्हणू शकते का, ते आधी बघा.