जुनं छोटं धरण, पायथ्याशी ओल. घाबरावं का?

रानवाटा: आमच्या शेताच्या वर मातीचं धरण आहे, उंची असेल नऊ-दहा मीटर. ज्या कालव्यासाठी बांधलं तो कधीच बुजलाय. तळं गाळानं निम्मं भरलंय, भरावावर मोठाली झाडं. यंदा पायथ्याशी शेवाळ धरलंय आणि बारीक धार वाहतेय. पाणी स्वच्छ आहे. घाबरावं का? आणि उपयोग नसलेलं धरण ठेवायचं तरी कशाला?

भिजकं घोंगडं: मातीचं धरण पाझरतंच हो. त्यात गाळानं भरलेलं, फुटून फुटणार काय!

सांडवा: घोंगडं, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं साफ चूक. पूर्वी सुरुवातीचे मोठे पाऊस रिकामं तळं पोटात घ्यायचं. आता ते लगेच भरतं आणि पुढचा लोंढा थेट सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर येतो.

रानवाटा, 32 वर्षं असल्या भरावांवरून चाललोय, म्हणून सांगतो. स्वच्छ पाझर चालतो, पण मोजलेला हवा. धारेला नळी लावा, बादली किती सेकंदांत भरते ते तळ्याच्या पातळीसकट वहीत लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली तर तज्ज्ञाला बोलवा. पाणी गढूळ झालं तर आतली माती वाहून चाललीय. आधी खालची वस्ती हलवा, फोन त्यानंतर. अमेरिकेतलं टीटन धरण नवं कोरं होतं. 5 जून 1976 ला सकाळी गढूळ झरे दिसले, दुपारी बाराच्या आत धरण गेलं.

धारेचं तोंड मात्र बुजवू नका, पाणी दुसरीकडून वाट काढतं. झाडांवरही लगेच कुऱ्हाड नको. बुंधा तोडला की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते.

सांडवा मोकळा आहे ना? आणि तळं रिकामं करायचं दार फिरतं का?

रानवाटा: सांडव्यात कुणीतरी फळ्या अडकवल्यात, पाणी जास्त साठावं म्हणून. दाराचं बघून सांगतो.

सांडवा: फळ्या पावसाआधी काढाच! पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा भराव टिकत नाही.

उपयोगाचं म्हणाल तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण बघा. जेमतेम 12 मीटरचं. वीज बनवणं 1957 मध्ये बंद झालं, मग नुसतं तळं म्हणून राहिलं. नोव्हेंबर 1977 मध्ये मुसळधार पावसात रात्री फुटलं, 39 माणसं गेली. काम संपलं तरी पाण्याचा दाब संपत नाही. सांडवा कायमचा खाली घेऊन साठा कमी करता येतो, किंवा धरण रीतसर तोडता येतं. फक्त त्याआधी खालच्या विहिरी या पाझरावर जगतात का ते बघा. गाळ कुठे जाणार तेही.

रानवाटा: फळ्या काढल्या. पहिली नोंद: 15 लिटरची बादली, 48 सेकंद, पाणी स्वच्छ. दाराचं चाक मात्र दोघांनी जोर लावूनही हललं नाही.

सांडवा: आणखी जोर लावू नका, दांडा मोडेल. आधी चाकाचा फोटो टाका.