'माज', 'ऋतू' की आणखी काही?

शहापूरची अनुवादक: माझी भाची बेंगळुरूला शिकते. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांतून, म्हणजे 'फॅनफिक्शन'मधून, जन्मलेल्या 'ओमेगाव्हर्स' या प्रणयकथांच्या प्रकारावर तिने इंग्रजीत निबंध लिहिला आहे आणि तो आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या वाचनकट्ट्यात वाचता यावा म्हणून मी मराठीत आणते आहे. या कथांतली माणसे अल्फा, बीटा आणि ओमेगा अशा तीन प्रकारची असतात. ओमेगाला, मग तो पुरुष का असेना, ठरावीक काळाने शरीराची ओढ अनावर होते आणि त्याला गर्भही राहू शकतो. त्या अवस्थेला तिकडे 'हीट' म्हणतात. मी 'माज' लिहिले. भाचीने फोनवर विचारले, "मावशी, माज म्हणजे मस्ती ना? माझा ओमेगा तर आतून कडी घालून रडत बसलाय." तेव्हापासून लेखणी अडली आहे.

निपाणीचा निवृत्त शिक्षक: ताई, 'माज' हा गोठ्यातला शब्द माणसाला लावणे मला प्रशस्त वाटत नाही. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीकडे ऋतुदान, म्हणजे गर्भधारणेच्या काळातला संग, मागते. ओढ, गर्भाची आस आणि मागण्याचा हक्क ही तिन्ही 'ऋतू' या एका शब्दात मावतात. एवढा घडीव शब्द घरात असताना दुसरीकडे जाण्याचे कारण नाही.

कंग्राळीचा म्हैसवाला: सर, गोठ्यातल्या शब्दाला कमी लेखू नका. म्हैस माजावर आली की दावणीला अस्वस्थ होते, हंबरते, वैरण तोंडात धरून तशीच उभी राहते, दूध चोरते. अशा वेळी कुणी तिच्यावर खेकसले तर आमची आई म्हणायची, "तिला बोलू नका रे, ती माजावर आहे." त्या वाक्यात मस्तीचा लवलेश नव्हता, कणव होती. आमचा कन्नड गडी याच अवस्थेला 'बेदेगे बंदिदे' म्हणतो. उर्मटपणाचा माज 'चढतो' किंवा 'येतो' आणि जनावर माजा'वर' येते, एवढा भेद आमच्या गावात पोरेही जाणतात.

शहापूरची अनुवादक: हा प्रत्ययाचा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. सर, 'ऋतू' म्हटले की आजच्या वाचकाला मासिक पाळी आठवेल ही एक अडचण आहेच, पण खरी अडचण उगमाची आहे. हा प्रकार २०१० मध्ये 'सुपरनॅचरल' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांत रुजला आणि त्याची परिभाषा लांडग्यांवरून आली. प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून त्यांच्यातली उतरंड मांडली. पुढे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. शास्त्राने ती उतरंड मागे टाकली तरी कथांनी तिला घर दिले. त्या कथांना जनावराचा वास मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणून मला संस्कृत शब्द फार धुतलेला वाटतो.

भाचीला या कथा का आवडतात ते मी तिच्याकडून समजून घेतले. नेहमीच्या प्रेमकथेत मन आधी बोलते आणि शरीर मागून येते. इथे शरीर आधी बोलून मोकळे होते, आणि त्याचा शब्द मानायचा की नाही हे दोघांना ठरवावे लागते. तिच्या आवडत्या प्रसंगात अल्फा रात्रभर उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन बसतो, कारण ओमेगाने त्याला 'ये' म्हटलेले नाही.

खानापूरची वाचक: उंबऱ्याबाहेर बसणारा अल्फा मलाही आवडला असता, परंतु मी वाचलेल्या कित्येक कथांत तो दार मोडून आत जातो आणि 'निसर्गच तसा' म्हणून त्याला माफी मिळते. तिथे 'ऋतू' लिहिणे म्हणजे बळजबरीला फुले वाहणे होईल. 'माज' हाच शब्द ठेवा, पण तो अल्फाला लावा.

निपाणीचा निवृत्त शिक्षक: बाईंचा मुद्दा मला मान्य आहे, शब्द मात्र नाही. 'माज' हा 'मद्य'वरून प्राकृत 'मज्ज'मार्गे आला असावा असे माझे मत आहे. तसे असेल तर त्यात नशा आहे, आणि नशेत असलेल्याला जबाबदार कसे धरणार?

चिकोडीचा वाचक: मूळ प्रश्नाआधी 'फॅनफिक्शन'चे काय करणार? आमच्याकडे कन्नडात चाहत्याला 'अभिमानी' म्हणतात, कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना 'अभिमानी देवरु' म्हणत. मी 'अभिमानी कथा' सुचवतो.

निपाणीचा निवृत्त शिक्षक: पुण्यातला वाचक त्याचा अर्थ गर्विष्ठ माणसाची कथा असा घेईल.

चिकोडीचा वाचक: सर, निबंध शहापुरात वाचला जाणार आहे. आपण रोज दोन्ही भाषांत बाजार करतो, मग आपला शब्द पुण्याला विचारून का ठरवायचा?

शहापूरची अनुवादक: त्यावर स्वतंत्र चर्चा करू. भाचीने आत्ताच आणखी एक अडचण कळवली आहे. काही ओमेगा औषध घेऊन आपली अवस्था जगापासून लपवतात. म्हशीच्या 'मुक्या माजा'बद्दल मी ऐकले आहे. तो शब्द इथे चालेल का?

कंग्राळीचा म्हैसवाला: नाही चालणार, ताई. मुक्या माजात म्हैस काही लपवत नसते. तिचा माज असतोच, खुणाच दिसत नाहीत, आणि आपल्या नजरेतून तो सुटतो. उन्हाळ्यात तर हमखास सुटतो, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारावी लागते. तुमचा ओमेगा औषध घेऊन गप्प बसला आहे. त्याला मुका म्हणू नका.