हळहळ नको, हाताला काम हवं
कुणीतरी म्हणतं, मुलं पर्यावरणावरची पुस्तकं वाचून हळहळतात आणि विसरतात. दोष बहुधा निवडीत असतो. आठ वर्षांच्या आतल्यांना वितळणारे ध्रुव नकोत. एक झाड, एक किडा पुरतो. चित्रंही तपासा : पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर दिसले की पुस्तक परत ठेवा (अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिणेकडचे!). कुजण्यावरचं पुस्तक वाचलं की त्याच आठवड्यात भोकं पाडलेल्या डब्यात खत करायला ठेवा : एक भाग ओला कचरा, दोन-तीन भाग सुका पाला. घाण वास आला तर ओल जास्त, हवा कमी. पाला घालून ढवळा. किशोरांना ‘सगळं संपलं’ छापाच्या कादंबऱ्यांपेक्षा पात्रं नोंदी ठेवतात, अर्ज करतात, कधी हरतातही, अशा द्या.