प्रभाग समितीच्या बैठकीला सामान्य नागरिकाला बसता येतं का? (मुंबई)

नमस्कार मंडळी,

आमच्या चाळीमागच्या नाल्याच्या रुंदीकरणाचा विषय प्रभाग समितीपुढे येणार आहे असं कळलंय. आम्हा चारपाच जणींना नुसतं बसून ऐकायचंय. एक जण म्हणतो, "जा की, कोण अडवतंय." शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात की समितीत बाहेरच्यांना प्रवेशच नसतो. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते, सभाच नव्हत्या. त्यामुळे नक्की रीत काय ते कुणालाच आठवत नाही.

शेवटी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ उघडला. कलम ३६ म्हणतं की महापालिकेची सभा लोकांना खुली. एखाद्या विषयाचं कामकाज खासगीत करायचं तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने ठराव लागतो. पीठासीन अधिकारी (सभा चालवणारे) तो स्वतःहून किंवा एखाद्या सदस्याच्या विनंतीवरून मताला टाकतात, आणि तोही चर्चेशिवाय! म्हणजे 'का बंद?' हे विचारायची सोयच नाही. कोणत्या कारणासाठी बंद करता येईल याची यादीही नाही.

तर प्रश्न असे. प्रभाग समिती कलम ५० टीटीखाली बनते, तिला हे लागू होतं का? आणि आम्हाला बाहेर काढलंच, तर आत काय ठरलं ते नंतर मिळतं का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
कलम ३६ महापालिकेच्या सभेचं आहे, ते समितीपर्यंत ताणून दारावर वाद घालू नका. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४(१)(ब) बघा. कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायच्या त्या १७ बाबींतली आठवी बाब हीच: कोणत्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत, कोणाची इतिवृत्तं बघायला मिळतात. तुमच्या समितीपुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. काही लिहिलंच नसेल तर तेच लेखी विचारा.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बैठक बंद दाराआड झाली एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही, नकार द्यायला माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ किंवा ९ मधलं एखादं कारण दाखवावं लागतं. त्याच कायद्याखाली अर्ज करून विषयपत्रिका आणि इतिवृत्त मागा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, त्यामुळे नाल्याचं अख्खं रामायण नको. आणि आत बसायला मिळालं तर फलक, घोषणा घरी ठेवा. महापालिकेच्या सभेतसुद्धा व्यत्यय आणणाऱ्याला पीठासीन अधिकारी केव्हाही बाहेर काढू शकतात.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. आधी ती आठवी बाब शोधते. अर्जाचा मसुदा २४० शब्दांचा झालाय, कात्री लावून इथे टाकते. तपासून द्याल का?