छिंग काळातल्या 'जुन्या धाटणीच्या' जेडवर प्राचीन अर्थाची पाटी लावावी का?

गारगोटी :
संग्रहालयात चिनी जेडच्या, म्हणजे कोरीव वस्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या कठीण मौल्यवान दगडाच्या, माहितीफलकांवर दोन वाक्यं हमखास भेटतात. मध्ये भोक असलेली चकती, म्हणजे 'बी', हे आकाशाचं प्रतीक. बाहेरून चौकोनी आणि आतून गोल नळी, म्हणजे 'त्सोंग', हे पृथ्वीचं. वस्तू साडेचार हजार वर्षांपूर्वीची असो की अठराव्या शतकात मुद्दाम जुन्या धाटणीत घडवलेली असो, मजकूर तोच. माझं स्पष्ट मत आहे की नंतरच्या वस्तूंवरून तरी ही पाटी उतरवावी.

त्सोंग मुख्यतः लिआंगझू संस्कृतीचे, यांगत्से नदीच्या मुखाकडच्या प्रदेशातले, इ.स.पू. 3300 ते 2300 च्या दरम्यानचे. आकाश-पृथ्वीचं सूत्र येतं 'झोउली' या, प्राचीन झोउ राजांचा कारभार आणि विधी सांगणाऱ्या ग्रंथातून, आणि तो त्यानंतर जवळपास दोन हजार वर्षांनी रचला गेला. 1986 साली फानशान इथल्या लिआंगझू थडग्यात साडेसहा किलोंचा त्सोंग सापडला. त्याच्यावर पिसांचा भव्य मुकुट घातलेला माणूस आहे, त्याच्याखाली वटारलेल्या डोळ्यांचं जनावर, आणि रेषा इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांनी नीट मोजता येऊ नयेत. यात पृथ्वी कुठे दिसते? मुळातच जो अर्थ पक्का नाही, तो नकलेत कुठून येणार? छिंग घराण्याच्या काळातला (1644–1912) त्सोंग ही शोभेची वस्तू आहे, तसंच लिहावं.

शिसवी :
पूर्ण असहमत. तुमच्याच मुद्द्यांवरून उलटा निष्कर्ष निघतो. लिआंगझूच्या कारागिराला 'झोउली' माहीत असणं शक्यच नव्हतं, पण छिंग काळातल्या सुशिक्षित माणसाला तो ग्रंथ लहानपणापासून माहीत असायचा. म्हणजे 'पृथ्वीचं प्रतीक' ही पाटी मूळ वस्तूवर चुकीची आणि नकलेवर बरीचशी बरोबर.

शिवाय ही जुन्याची ओढ एकट्या छिआनलोंगची, अठराव्या शतकातल्या छिंग बादशहाची, हौस नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, सोंग घराण्याच्या काळात, ल्यू दालिन या विद्वानाने 1092 च्या सुमारास प्राचीन कांस्यपात्रांची चित्रांसह सूची केली. पुढे कांस्यावरचा थाओत्ये, म्हणजे खालचा जबडा नसलेला तो पशुमुखवटा, जेडच्या पेल्यांवर आणि फुलदाण्यांवर उतरला. आदर्श राज्य झोउ राजांच्या काळात होऊन गेलं असं मानणाऱ्या समाजात तो आकार टेबलावर ठेवणं हे एक विधान होतं. त्याला शोभा म्हणून निकालात काढू नका.

गारगोटी :
मग छिआनलोंग बादशहाचं काय करायचं? जुन्या जेडचा त्याच्याएवढा मोठा संग्राहक नाही. त्याच्याकडे अस्सल त्सोंग होते, आणि तो त्यांना पालखी-रथाच्या दांड्यांची टोकं समजत होता! त्यांच्यावर त्याने स्वतःच्या कविता कोरून घेतल्या, त्याही काही ठिकाणी अशा की अक्षरं सुलट धरली तर मुखवटे उलटे होतात. ज्याच्या दरबारात नकला घडल्या त्यालाच पृथ्वी दिसत नव्हती.

काचमणी :
तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडून देताय. यातल्या कित्येक वस्तू फसवण्यासाठीच घडवल्या होत्या.

छिआनलोंगचाच 1753 चा एक लेख आहे. त्याच्याकडे एक तपकिरी छटा असलेला पेला आला, तो त्याला फार प्राचीन वाटला. त्याने दरबारी कारागीर याओ झोंगरेनला दाखवला. याओ म्हणाला, हा माझ्या आजोबांनी केलाय. मग त्याने घराण्यातली रीतही सांगितली : दगड जरा सैल पोताचा निवडायचा, हिऱ्याच्या टोकाने मधमाशीच्या डंखाएवढी बारीक छिद्रं पाडायची, अंबर (झाडाची जुनी, दगडासारखी झालेली राळ) लावायचं आणि मंद आचेवर रात्रंदिवस शेकत राहायचं. रंग हळूहळू आत मुरतो आणि हजार वर्षं मातीत पडल्यासारखा दिसतो. असल्या पेल्यावर 'झोउ काळाचा आदर्श' लिहाल का?

शिसवी :
याओच्या आजोबांचा पेला आणि राजवाड्यातलं काम एका मापाने मोजू नका. छिआनलोंगच्या कितीतरी वस्तूंच्या तळाशी 'छिआनलोंग, प्राचीनाच्या अनुकरणाने' अशा अर्थाची अक्षरं सरळ कोरलेली आहेत. नाव घालून, काळ घालून. आज घडवलेल्या पेशवाई नथीला कुणी बनावट म्हणत नाही, ती पेशवाईत घडली असं सोनार सांगेल तेव्हाच ती बनावट.

आणि हे अनुकरण करवून घेण्यामागे ठाम भूमिका होती. 1759 मध्ये खोतानचा, म्हणजे आताच्या शिनजियांगमधला जेडचा प्रदेश ताब्यात आल्यावर चांगलं जेड भरपूर येऊ लागलं आणि सुचौ, यांगचौ या शहरांतले कारागीर त्यातून गिऱ्हाइकाला भुलवणारी गुंतागुंतीची नक्षी काढू लागले. त्या प्रकाराला बादशहाने 'जेडवरचं संकट' म्हटलं. त्यावर उतारा म्हणून त्याने जुने आकार पुढे केले. इथे साधेपणा हाच अर्थ आहे. पाटीवर तो लिहा.

गारगोटी :
ही भूमिका मला मान्य आहे, पण ती अभिरुचीची झाली, आकाश-पृथ्वीची नव्हे. त्याच बादशहाने मुघल धाटणीचं हिंदुस्थानी जेडही मनापासून जमवलं. पाकळीसारख्या पातळ भिंती, फुलापानांची नक्षी, त्यांच्यावरही कविता. झोउ राजांशी त्याचा काही संबंध नाही. त्याला कसब भावत होतं.

काचमणी :
कसबाबद्दल दुमत नाही. पोलादी हत्याराने हा दगड सहज कोरला जात नाही. पायाने फिरवायची चाकं आणि ओली कुरुंदाची भुकटी लावून तो झिजवत न्यावा लागतो, एका पेल्याला महिने जातात. पण म्हणूनच म्हणतो, पाटीवर आधी लिहा : कधी घडवला, कशाची नक्कल, रंग नैसर्गिक की दिलेला. प्रतीकाचं वाक्य त्याच्याखाली येऊ द्या, आणि ते कोणत्या ग्रंथातलं, कोणत्या काळातलं हेही त्याच ओळीत असू द्या.

शिसवी :
खाली चालेल. काढून टाकायला मात्र माझा विरोध कायम.