आवाजाने नॅनोकणांचा झोत वळवतात म्हणे, पण व्हॅक्यूममध्ये आवाज कसा जाणार?

निशाचर:
एक्स-रे लेसरने एकेका विषाणूचा फोटो काढतात त्याबद्दल वाचत होतो, त्यात आलं की कणांचा झोत ध्वनिलहरींनी कंट्रोल करायचं चाललंय. प्रयोग तर व्हॅक्यूममध्ये होतो, आवाजाला हवा लागते ना? आणि मुळात कंट्रोल हवाच कशाला, कण सोडत राहायचे आणि एक्स-रे मारत राहायचा.

चकवा:
तसं करतातच की, आणि बहुतेक कण फुकट जातात :) हॅम्बर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या एक्स-रे लेसरचं बघा, सेकंदाला 27,000 पर्यंत पल्स (एक्स-रेचे झटके), पण सलग नाहीत, सेकंदाला 10 झुंडी आणि एकेक झुंड जेमतेम 0.6 मिलिसेकंदाची. म्हणजे 99 टक्क्यांहून जास्त वेळ बीम बंदच. त्यात बीमचा फोकस मायक्रोमीटरचा नाहीतर त्याहून बारीक, कणांचा झोत त्यापेक्षा रुंद. आणि पल्स लागला की कण फुटतो, फुटायच्या आत फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग) विखुरलेल्या एक्स-रेचा पॅटर्न मिळतो तेवढाच, म्हणून दरवेळी नवा कण लागतो आणि असे हजारो पॅटर्न जुळवून मग 3डी आकार निघतो.

निशाचर:
ओके, गरज पटली. व्हॅक्यूमचं?

अणुरेणू:
व्हॅक्यूमच्या आधीच काम उरकायचं. द्रावणाचा फवारा मारतात, थेंब सुकतात, मग कण गॅसबरोबर एरोडायनॅमिक लेन्समधून (गॅसच्या प्रवाहाने कणांचा बारीक झोत करणारी नळी) जातात, तर या गॅसच्या टप्प्यातच अल्ट्रासाऊंड. स्टँडिंग वेव्ह (जागच्या जागी राहणारी लहर) तयार केली की गॅसपेक्षा जड कण दाबाच्या नोडकडे, म्हणजे जिथे दाब बदलत नाही तिकडे, सरकतात.

चकवा:
हे ऐकायला छान आहे पण हा जोर कणाच्या आकारमानावर ठरतो, त्रिज्या 10 पट कमी केली की जोर 1000 पट कमी, आणि गॅसचा विरोध काही तेवढा कमी होत नाही. हवेत थर्माकोलचे गोळे तरंगवायचे व्हिडिओ बघून भुलू नका, इथे 100 नॅनोमीटरचे कण आहेत.

अणुरेणू:
बरोबर, पण तेच उलटं वापरता येतं ना. एवढे बारीक कण गॅस जाईल तिकडे जातात, मग कणांना कशाला ढकलायचं, आवाजाने गॅसच हलवायचा. पल्सच्या झुंडीच्या हिशोबाने आवाज चालू-बंद केला तर झोत ठरल्या वेळीच लाईनवर येईल. मला तर फोकसपेक्षा हे टायमिंगच जास्त फायद्याचं वाटतं.

चकवा:
टायमिंग ठीक, पण सगळे कण एका स्पीडने थोडेच जातात, पुढे जाईपर्यंत गठ्ठा पांगणार. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा भाग) ते एक्स-रे हे अंतर कमीत कमी ठेवावं लागेल, नाहीतर 0.6 मिलिसेकंदात बसवलेलं सगळं वाटेतच विस्कटेल.