लांबच्या प्रवासाला गाडीत काय काय हवं?

नमस्कार मंडळी,
मुलांच्या सुट्टीत आम्ही चौघं गाडीने लांब जायचं म्हणतोय. तंबूबिंबू नाही, रोज रात्री हॉटेलात मुक्काम. नेटवरच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय. एकीत फावडं, दुसरीत कुऱ्हाड, तिसरीत चक्क गाडी ओढायची विंच! टूलकिट, पंप, उतरलेल्या बॅटरीला जोर देऊन गाडी चालू करायचा बूस्टर असं बरंच कार्टमध्ये टाकून ठेवलंय. ऑर्डर करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हटलं. यातलं खरंच काय लागतं?
— मंडळाचा नवा सभासद

प्रत्युत्तर:
अहो, खरेदी नंतर. आधी डिकी रिकामी करा आणि तळाची फळी उचला.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसतेच. तिच्या जागी लहानसा कंप्रेसर आणि पंक्चर बुजवायच्या द्रावाची बाटली असते. स्टेपनी असली तरी बहुतेक वेळा ती बारीक, तात्पुरती असते. ताशी ८० किमीच्या वर पळवायची नाही, आणि हवा साधारण ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, मग नेमक्या वेळी तीच बसलेली निघते. म्हणून हवा मोजायचं मीटर आणि १२ व्होल्टवर चालणारा पंप ही माझ्या लेखी पहिली खरेदी. चाक हळूहळू गळत असेल तर मध्येमध्ये हवा भरत माणूस गॅरेजपर्यंत पोचतो.

मग जॅक, पाना आणि टो हुक, म्हणजे गाडी ओढून न्यायला दोर अडकवायचा आकडा, शोधा. हुक बंपरवरचं झाकण काढून आत पिळून बसवायचा असतो. चाकांना लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनेच सुटणारे) असतील तर त्यांची चावी कुठे आहे तेही बघा. एवढासा तुकडा, पण तो नसेल तर बाकी सगळं हाताशी असून चाक जागचं हलत नाही. गॅरेजवाले काम झालं की तो मनाला येईल तिथे टाकतात.

आणि घरासमोर सपाट जागेवर एकदा चाक काढून परत बसवा. नट चाक जमिनीला टेकलेलं असतानाच ढिले करायचे, नाहीतर पान्याबरोबर चाकच फिरतं. गाडीतला पाना आखूड असतो आणि नट मशीनने आवळलेले, तेव्हा लांब दांड्याचा एक घ्या. ते मोठं टूलकिट मात्र काढून टाका. आताच्या इंजिनात रस्त्याच्या कडेला उभं राहून काय दुरुस्त करणार तुम्ही?
— काका

प्रत्युत्तर:
काकांनी काय घ्यायचं ते सांगितलं, मी कुठे ठेवायचं ते सांगते. चमकणारी जाकिटं डिकीत ठेवू नका. काही देशांत ती बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण ती दार उघडण्याआधी अंगात गेली तरच उपयोग. वाहत्या रस्त्यावर डिकीपर्यंत चालत जाऊन घालण्यात काय हशील? माणसं चार तर जाकिटं चार, मुलांची त्यांच्या मापाची, सीटखाली. टॉर्च डोक्याला लावायचा घ्या. मोबाइल दातांत धरून नट फिरवता येत नाहीत.

जड सामान तळाशी, मागच्या सीटला टेकवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नका. जोरात ब्रेक लागला की साधी बाटलीसुद्धा भिरकावली जाते. पाणी, उलटीच्या पिशव्या, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी असू दे. औषधं मात्र गाडीत सोडून जाऊ नका. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते.

काच फोडायच्या हातोडीवर फार भिस्त ठेवू नका. टेम्पर्ड, म्हणजे तुकडे तुकडे होणारी काच तिने फुटते, लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली फुटत नाही, आणि हल्ली पुढच्या दारांना बऱ्याचदा लॅमिनेटेड असते. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, बघून घ्या. हातोडीच्या बुडाशी पट्टा कापायचं पातं असतं, त्यासाठी मी ती ठेवते.
— ताई

प्रत्युत्तर:
बूस्टर जरूर घ्या. जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या तारा; त्यांना दुसरी गाडी लागते, ती ओसाड रस्त्यावर आणायची कुठून? काका नाक मुरडतील, माहीत आहे. नकाशेही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. आणि बर्फातून जाणार असाल तर फावड्याला हसू नका. अडकलेल्या गाडीचा धुराचा पाइप बर्फाने बुजला आणि इंजिन चालू ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला ना वास, ना रंग.
— दादा

प्रत्युत्तर:
नाक कशाला मुरडू? फक्त बूस्टर मधूनमधून चार्ज करत जा आणि तापलेल्या गाडीत ठेवू नका, लिथियम आहे. केबल घेतल्याच तर जाड तांब्याच्या. शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीला लावायचा नाही. बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि चिमटा टेकताना ठिणगी उडते.
— काका

प्रत्युत्तर:
फळी उचलली. स्टेपनी नाही. बाटली आहे, पण तिची मुदत केव्हाच संपलीय. लॉक नटची चावी चष्म्याच्या कप्प्यात मिळाली. काका, नवी बाटली आणू की स्टेपनी?
— नवा सभासद

प्रत्युत्तर:
बाटली तर बदलाच. मात्र द्राव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं बारीक भोकच बुजवतो. टायर बाजूने फाटला तर उपयोग शून्य. हमरस्त्याने जाणार असाल आणि विम्यात टोइंग असेल तर बाटली पुरे. फोनला रेंज नाही अशा भागात शिरणार असाल तर स्टेपनी घ्या, तुमच्याच मॉडेलसाठीची. नट जुळले तरी दुसऱ्या गाडीचं चाक ब्रेकला घासू शकतं. आणि द्राव वापरावा लागलाच, तर टायर दुरुस्तीला देताना आधी सांगा. बिचारा पंक्चरवाला टायर उघडतो आणि सगळा चिकटा त्याच्या अंगावर.
— काका